करायला टाकलेला पेला

लोक माझ्याकडे जुन्याचं नवं करून घ्यायला येतात अशी तुमची समजूत असेल, तर ती आत्ताच पुसून टाका. लोक येतात नव्याचं जुनं करून घ्यायला. दुकानाच्या पाटीवर 'चांदीची भांडी दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलंय खरं, पण दुरुस्तीवर कुणाचं पोट भरलंय? गिऱ्हाईक येतं, आधी मागेपुढे बघतं, मग पिशवीतून चकचकीत पेला काढतं आणि दबक्या आवाजात म्हणतं, "जरा वापरल्यासारखा दिसेल असं काही करता येईल का?"

"किती पिढ्या वापरल्यासारखा?" मी विचारतो.

"तीन पुरे."

मग मी बाह्या सारतो. गंधकाच्या पाण्यात बुडवून पेला आधी काळाठिक्कर करायचा. त्यानंतर खडूची पूड आणि आपला अंगठा. जिथे माणसाचा हात लागतो तिथे घासायचं, खाचाखोचांत काळं तसंच राहू द्यायचं. किल्ल्यांचा जुडगा फडक्यात बांधून त्यानं पेल्याला असं धोपटायचं, की घरातल्या सगळ्या पोरांनी तो आळीपाळीनं पाडलाय असं वाटावं. सगळ्यात शेवटी कड. माणूस जन्मभर पेल्याच्या एकाच बाजूनं पितो, आणि ओठ लागून लागून त्या बाजूची कड पातळ होते. ती झीज हाताला साधली, की तुमचे पणजोबा तयार! कितीतरी घरांना मी पणजोबा पुरवलेत. ज्यांचे खरे पणजोबा ओंजळीनं पाणी प्यायचे त्यांनासुद्धा.

बाजारात मला सगळे 'उपद्व्याप' म्हणतात. मी ओ देतो. शेजारच्या कुलूपवाल्याला मी एकदा त्याच्याच दुकानात कोंडलं होतं आणि बाहेरून विचारत होतो, "अहो, कुलूप मजबूत आहे ना?" असं काहीतरी केल्याशिवाय मला दुपारचं जेवण जात नाही. पण आज सांगतोय ती गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची.

ताईला दिली मोठ्या घरात. मोठं म्हणजे दारं उंच, खिडक्या उंच आणि माणसांची नाकं त्याहून उंच. दिवाणखान्यात काचेचं कपाट, कपाटात चांदीचे पेले. ते नुसते बघायला नाहीत, पाणी त्यातूनच प्यायचं. आणि कुणी कुठल्या पेल्यातून प्यायचं हे ठरलेलं. सगळ्यात जुना पेला ताईच्या सासूबाईंचा. त्याच्याहून जरा अलीकडचा दाजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा. मग दाजींच्या धाकट्या भावाचा. त्याला सगळे काका म्हणतात. काकांनी लग्न केलं नाही, कारण स्वतःपेक्षा जास्त खानदानी माणूस त्यांना कुठे सापडला नाही. शेवटचा पेला माझ्या भाच्याचा. जेवायला बसले, की पेल्यांवरून कळतं कोण कितव्या पायरीवर बसलंय. पाहुण्याला काचेचा ग्लास. आपण पाहुणे आहोत हे त्यानं विसरू नये म्हणून.

आणि ताईला स्टीलचा.

लग्न होऊन त्या घरात गेली त्याच दिवशी सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "तुझा पेला करायला टाकलाय हं. आला की देऊ." त्याला आता तीसेक वर्षं होतील. आपण कपडा शिवायला टाकतो, घड्याळ दुरुस्तीला टाकतो, उशिरा का होईना ते घरी येतं. ताईचा पेला काही येईना. सुरुवातीला ती विचारायची. नंतर तिनं विचारणं सोडलं, पण एखादा पाहुणा हटकायचाच, "हे काय, तुम्ही स्टीलमधून?" की सासूबाई तोंड भरून सांगायच्या, "तिचा करायला टाकलाय ना!" एकदा म्हणे कारागीर आजारी होता. एकदा त्यानं घडण चुकवली. मग तो मेलाच. मग त्याचा मुलगा शिकत होता. मी त्या मुलाचं बारसं, शाळा, लग्न सगळं मनातल्या मनात उरकलं होतं.

"ताई," मी तिला चिडवायचो, "त्यातला 'करायला' नुसता शोभेला आहे. 'टाकलाय' एवढंच खरं."

"तुझ्या जिभेला हाड नाही," ती म्हणायची. हसायची नाही.

मी एकदा शहाणपणाही करून बघितला होता. चांगला वजनदार नवा पेला घडवला आणि राजरोस घेऊन गेलो. म्हटलं, बहिणीला भावाकडून. सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, नखानं टिचकी मारली आणि म्हणाल्या, "छान आहे. नवा आहे." 'नवा' असं म्हणाल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, पेल्याला काहीतरी लागण झालीय. "नवी चांदी काय, बाजारात मिळते. जुनी घरात असावी लागते." पुढच्या खेपेला गेलो तर पेला पिठाच्या डब्यात. पीठ मोजायला घेतला होता. ताईच मोजत होती.

तर यंदा भाच्याचं लग्न ठरलं. सूनबाई घरात आली की चार दिवसांनी तिच्या आईवडिलांना जेवायला बोलवायचं होतं, आणि त्यासाठी पेले घासून चकचकीत करायचे होते. हे काम दरवेळी माझ्याकडे. नात्यातला माणूस, हक्काचा, शिवाय मागच्या दारानं येतो. मी पेले न्यायला गेलो तेव्हा ताई ते एकेक करून फडक्यात गुंडाळत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "सूनबाई पहिल्यांदा पंगतीला बसेल ना, तेव्हा ती विचारणार बघ."

"काय विचारणार?"

"आई, तुमचा कुठला?" ताईनं गाठ मारली. "बाकी कुणासमोर काही वाटत नाही रे आता. पण तिच्यासमोर नको. उद्या ती या घरात मला काय समजेल, ते त्या एका जेवणात ठरेल."

तीस वर्षांत ताईनं माझ्याकडे केलेली ही पहिली तक्रार. तीही पेल्यांशी बोलल्यासारखी.

दुकानात येईपर्यंत माझ्या डोक्यात बेत शिजला होता, आणि असा खमंग की रस्त्यानं एकटाच हसत होतो. सासूबाईंचं खोटं मी खरं करून दाखवणार होतो! त्यांनी तीस वर्षांपूर्वी पेला करायला टाकला होता ना? मग तो आला होता. आला आणि कपाटाच्या मागे पडला. एवढी वर्षं तिथेच होता बिचारा. तो व्याह्यांच्या समोर बाहेर काढायचा, आणि मी टाळ्या पिटायच्या, "सापडला, ताईचा पेला सापडला!" सासूबाई काय करतील? 'मी कधी करायला टाकलाच नव्हता' असं चारचौघांत म्हणतील? तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

दुकानातल्या मोडीतली बरी चांदी काढली, वितळवली, पेला घडवला. नाजूक, ताईच्या हातात मावेल असा. पोटावर एकच अक्षर कोरलं, 'च'. ताईला आमच्या घरी चिंगी म्हणायचे. ताई सोडली तर हे नाव आता जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं. मग गंधक, खडू, किल्ल्यांचा जुडगा. काम इतकं रंगलं की मी शीळ घालत होतो. कड झिजवताना तर कुलूपवाला येऊन बघत उभा राहिला. म्हणाला, "उपद्व्याप, तुझ्या हातात जादू आहे रे." मी म्हटलं, "आहेच." तेव्हाच कुणीतरी माझ्या कानाखाली द्यायला हवी होती.

जेवणाच्या दिवशी सकाळी घासलेले पेले घेऊन मी मोठ्या घरी गेलो. कपाटात मांडता मांडता आपलं बाळ हळूच कपाटामागच्या लाकडी पट्टीवर ठेवून दिलं. दुपारी व्याही-विहीण आले. दोघंही साधी, बुजलेली. खुर्चीच्या टोकावर बसली होती, जणू खुर्ची परत करायचीय. सूनबाई डोक्यापासून पायापर्यंत नवी कोरी. ताई आतबाहेर करत होती.

मी कपाटाला हात लावला आणि चेहरा गंभीर केला. "दाजी, हे डुगडुगतंय हो. एखाद दिवशी अख्खं घराणं तोंडावर पडेल."

"अरे, मग सरळ करू की," दाजी म्हणाले. व्याह्यांसमोर ताकद दाखवायची संधी कोण सोडतंय? एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला काका आणि भाचा. "हं, एक, दोन..." कपाट हललं आणि मागे टण्ण!

भाच्यानं हात घालून पेला काढला. काकांनी तो त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावला, बाहीला पुसला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

आता माझी पाळी. मी सासूबाईंकडे बघत टाळी वाजवली. "अरे वा! बाई, सापडला बघा! ताईचा पेला! तुम्ही करायला टाकला होता तोच. आला असणार आणि पडला असणार मागे. हे बघा, अक्षरसुद्धा आहे. च! चिंगीचा च!"

"चिंगी कोण?" दाजींनी विचारलं.

मी दाजींकडे बघतच राहिलो. ताई दारात पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिनं जग ह्या हातातून त्या हातात घेतला.

"मी," ती म्हणाली. "माहेरी म्हणायचे."

"अस्सं?" दाजी म्हणाले. जसं कुणी आपल्याला सांगावं, की समोरच्या गल्लीत पूर्वी विहीर होती.

आणि सासूबाई? त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. शांतपणे म्हणाल्या, "तो वेगळा. तिचा अजून करायला टाकलाय."

बाई, मानलं तुम्हाला! एवढ्या वर्षांच्या उपद्व्यापात मला कुणी असं चीत केलं नव्हतं.

"आणि हा तीस वर्षांचा आहे होय?" काका खिडकीजवळून ओरडले. "दादा, ही कड बघ. कड! पिढ्यान् पिढ्या ओठ लागल्याशिवाय अशी कड होत नाही. हे सव्वाशे वर्षांचं काम आहे."

तेव्हा मला माझी चूक दिसली. तीस वर्षं कपाटामागे पडलेला पेला. त्याला कुणाचा ओठ लागलेला असणार? कड कोरीच हवी होती. फार तर थोडा काळा पडलेला, थोडी धूळ. पण माझ्या हाताला सवय पणजोबांची! बेत आखला होता तीस वर्षांचा, आणि अंगठ्यानं केली सव्वाशे. शिंप्यानं बाळाचं झबलं शिवायला घ्यावं आणि सवयीनं त्याला कोटाच्या बाह्या लावाव्यात, तसं झालं.

"आमच्याकडे इतकं जुनं काहीच नाही हो," व्याही अगदी मनापासून म्हणाले.

झालं. त्या एका वाक्यानं शिक्का बसला. सासूबाईंची मान दोन बोटं वर गेली. आता हा पेला तीस वर्षांचा करायचा, तर व्याह्यांच्या डोळ्यांतलं ते कौतुक परत करावं लागलं असतं.

"पण च कुणाचा?" भाचा म्हणाला. "बाबा, तुमच्या पणजोबांचं नाव काय होतं?"

मग जी शांतता पसरली ना, ती मी पैसे देऊन विकत घेतली असती. एवढं मोठं घराणं, भिंतीवर एवढ्या मोठ्या तसबिरी, पण पणजोबांचं नाव कुणाला आठवेना! दाजी छताकडे बघू लागले. काका म्हणाले, "काहीतरी राव होतं. पुढचं आठवत नाही." सासूबाई म्हणाल्या, "च वरूनच होतं. मला पक्कं आठवतंय." पेला सापडायच्या आधी आठवत नव्हतं, ते सोडा.

"चोरीचा च असेल," मी म्हटलं.

"मामा, गप्प बसा हो," भाचा हसत म्हणाला.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. सूनबाई सगळ्यांकडे टकामका बघत होती, ताई जग धरून तिथेच उभी होती, आणि मला वाटलं, बास. मी छातीवर हात ठेवला.

"ऐका. हा पेला मी केलाय. गेल्या महिन्यात. माझ्या दुकानात, माझ्या हातानं. कड मी झिजवलीय. पोचे किल्ल्यांनी पाडलेत. च माझ्या बहिणीचा आहे, कारण तुम्ही तिला आजवर पेला दिला नाहीत. आईशप्पथ."

काका असे हसत सुटले की त्यांना भिंत धरावी लागली. दाजी हसले. भाचा हसला. काय चाललंय ते न कळून व्याहीसुद्धा हसले.

"ह्यांचं काही ऐकू नका," काका डोळे पुसत व्याह्यांना सांगू लागले. "ह्या गृहस्थानं मला सांगितलं होतं, चांदीला रोज सकाळी गाणं ऐकवलं की ती काळी पडत नाही. मी आठवडाभर कपाटासमोर उभा राहून गात होतो!"

"मामा एकदम भारी आहेत," भाचा बायकोला म्हणाला. "चेहरा बघ, कसा सरळ ठेवतात!"

"अहो, खरं सांगतोय!" मी ओरडलो. ते अजूनच हसले. खरं सांगताना माझा चेहरा नेमका थापा मारतानासारखाच होतो, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी दाजी ताईकडे वळले. "तू सांग. तुझा भाऊ आहे. त्यानं केलाय का हा?"

ताई पुढे आली. पेला तिनं हातात घेतला नाही, नुसता बघितला. 'च'वर तिची नजर अंमळ थांबली. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "ह्याच्या कुठे नादी लागता? लहानपणापासून असाच आहे. पानं वाढलीत, बसा."

पंगत बसली. सगळ्यात जुना पेला सापडल्यावर तो अर्थातच सासूबाईंसमोर गेला. त्यांचा दाजींकडे आला, दाजींचा काकांकडे, काकांचा भाच्याकडे. खुर्ची रिकामी झाली की कचेरीत सगळे कसे एकेक जागा पुढे सरकतात, अगदी तसं. भाच्याचा पेला तेवढा ताटांच्या मध्ये उरला. माझा जीव त्या पेल्यात अडकला. म्हटलं, चला, बेत फसला तरी पेला वाढला. एक उरलाय. आता तरी.

सूनबाईनं पेल्यांकडे पाहिलं. मग ताईकडे. तिनं तोंड उघडलं, आणि मला कळलं ती काय विचारणार.

ताईलाही कळलं. सूनबाईच्या तोंडून शब्द निघायच्या आत ताईनं तो पेला उचलला, काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर ठेवला. "हा तुझा गं. पहिल्या दिवसापासून. ह्या घरात उशीर करत नाहीत."

सासूबाईंनी मान डोलावली. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक चांगल्या घरी पडली म्हणून.

जेवणं आटोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ताई ओट्यापाशी उभी राहून जेवत होती. मी दार लोटलं.

"तू ओळखलंस ना?"

"च काढताना तुझी शेपूट वर जाते. शाळेत पाटीवरपण जायची. बाई मारायच्या तुला."

"मग बोलली का नाहीस? तू एकटी बोलली असतीस तर त्यांना मानावंच लागलं असतं."

"हो ना. मानलं असतं," ती म्हणाली. घास गिळेपर्यंत थांबली. "आणि आजच संध्याकाळी पिठाच्या डब्यात गेला असता. नवा म्हणून." मग माझ्याकडे वळली, आणि इतक्या वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "तुला कुणी सांगितलं होतं रे करायला? टाकलाय म्हणत होते, तोपर्यंत निदान म्हणत तरी होते. आता सगळ्यांचे पेले पुरे झाले. आता कोण कशाला म्हणेल?"

मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

पंधरा-वीस दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मग एका दुपारी ताईच दुकानात आली. ऊन मी म्हणत होतं. ती घामानं थबथबलेली, हातात रेशमी पिशवी. पिशवीतून तिनं पेला काढून माझ्यासमोर ठेवला.

"ह्यांनी पाठवलाय. नाव पूर्ण कोरून हवंय. अक्षर एकटं बरं दिसत नाही म्हणे, पाहुणे विचारतात."

"कुणाचं नाव?"

तिनं सांगितलं. भारदस्त नाव होतं, च वरून सुरू होणारं, शेवटी राव. काकांनी आणि सासूबाईंनी मिळून ठरवलं होतं.

"असा माणूस होऊन गेला होता का त्यांच्यात?"

"आता झाला," ताई म्हणाली.

बोला! एवढ्या लोकांना मी पणजोबा पुरवले, पण पेल्यावरून नाव पडलेला पणजोबा हा पहिलाच. मला हसून लोळायला हवं होतं. मी कुलूपवाल्याला हाक मारून सांगायलाही उठलो होतो. ताईकडे बघितलं आणि पुन्हा बसलो.

"च खोडून टाकू? सगळंच नव्यानं काढतो," मी म्हटलं.

"कशाला? तो आहे तसाच राहू दे. त्यालाच पुढचं जोड."

तिनं पदरानं मान पुसली. "पाणी दे रे थोडं."

मी उठलो, माठाशी गेलो आणि मग माझ्या लक्षात आलं. दुकानात आम्ही दोघंच होतो. सासूबाई नाहीत, दाजी नाहीत, पंगत नाही. मी परत येऊन पेला उचलला, विसळला, गार पाण्यानं भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "घे. तुझाच आहे. च बघ, समोर."

ताईनं दारातून बाहेर पाहिलं. मग पेला घेतला. किती नीट बसला तिच्या हातात! मापच तिचं होतं. तिनं तो ओठाला लावला, पातळ कडेनं. एक घोट घेतला. दुसरा घेतला. थांबली.

"काय झालं? गंधकाचा वास येतोय का? मी चांगला धुतला होता."

"वास नाही रे." तिनं पेला खाली ठेवला आणि पाण्याकडे बघत राहिली. "सासूबाईंच्या पेल्यातून चोरून प्यायल्यासारखं वाटतंय."

"ताई, तुझा आहे तो! मी तुझ्यासाठी केलाय!"

"माहितेय मला," ती म्हणाली. "पण गिळवत नाही."

माझा स्टीलचा ग्लास माठावर पालथा होता. ती उठली, तो सरळ केला, पेल्यातलं पाणी त्यात ओतलं, थेंबही सांडू दिला नाही, आणि गटागटा प्यायली. मग पदराच्या टोकानं पेला आतून-बाहेरून कोरडा केला आणि माझ्या हातात दिला.

मी पेला लाकडी साच्यात अडकवला, कोरणी घेतली आणि च शेजारी पुढचं अक्षर काढायला लागलो. ताई स्टुलावर बसून बघत होती. अर्ध्यावर आलो तेव्हा ती खाली वाकली.

"शेपट्या वर नेऊ नकोस," ती म्हणाली. "त्यांना नीट लागतं."